एकशेवीसातून चोवीस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, साहेब, माझ्या आठवणी छापायच्या तर तुमचा अंक उशीएवढा जाड करावा लागेल. ते म्हणाले, "भोईर, चार-पाच पानं. आणि खरं तेवढंच लिहा." मग पोस्टकार्डही पुरेल, असं मी बोलणार होतो, तोवर त्यांनी फोन ठेवला. तेव्हा आपण एक तडजोड करू. या लेखातले कापडाचे आकडे शंभर टक्के खरे. बाकीचं तुम्ही थोडं खेचून बघा. जिथे जास्त ताणलं जाईल तिथे माझी भर आहे असं समजा.

मी जीन्सचा कटिंग मास्टर. राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. कामाला उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. तिथे गल्लीगल्लीत जीन्स बनते. खाली दुकान, वर शिलाई, आणि जिन्यात चहावाला. आमचं काम लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. लांब टेबलावर डेनिमचे ऐंशी-ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवून खडूने रेघ मारायची आणि उभ्या पात्याची मशीन फिरवायची. एका फेरीत ऐंशी पँटींचे पाय सुटे होतात. मग शिलाई, आणि शिवून झाली की पँट वॉशिंगला जाते. तिथे तिला मोठ्या ड्रममध्ये घुसळतात, तेव्हा कुठे तिला तो घासलेला, जुना निळा रंग येतो. धुण्याआधीची कोरी पँट इतकी कडक असते की जमिनीवर ठेवली तर उभी राहते. एकदा मी एका पँटीला "सरक जरा" म्हणालो होतो.

पण घुसळताना कापड आटतं. म्हणजे चौतीसची कंबर हवी असेल तर मास्टरने आधी मोठी कापायची, धुऊन ती चौतीसवर आली पाहिजे. किती मोठी? मास्टरची सगळी किंमत या "किती"त असते.

माझा "किती" माझ्या अंगठ्यात होता. ताग्याचं टोक घ्यायचं, अंगठ्याला थुंकी लावायची, कापड चोळायचं, डोळे मिटायचे. "तीन टक्के." झालं. मला हे ज्या उस्तादने शिकवलं त्याने सोबत दोन चापट्या दिल्या होत्या आणि कारण एकही नाही. एकोणतीस वर्षं ते चाललं. आमचे गोपीशेठ सिंधी, माणूस दिलदार, बाहेरगावचा व्यापारी आला की मला बोलावून उभं करायचे. "साईं, ये मेरा मास्टर. कपडे को हाथ लगाता है, कपडा खुद बोलता है." आणि मी खाली मान घालून लाजायचो. लाजण्यात माझ्याइतका तरबेज माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत नव्हता.

कुळगावचा एक नाचरा होता. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला नाचतात तसं जगात कुठे नाचत नाहीत. हा गडी दर हळदीला बसून उठायचा आणि दर हळदीला त्याची पँट मागून उसवायची. मला म्हणाला, "मास्टर, फाटणार नाही अशी शिव, नायतर मी नाचणं सोडतो." मी दोन पायांच्या मध्ये एक जादा चौकोनी तुकडा घातला. पुढच्या हळदीत पँट शाबूत राहिली, मांडवाखालची जमीन फाटली. त्या तुकड्याचं मला मोठं कौतुक वाटायचं. वाटायचं, मोजमापातलं आता शिकायचं काही उरलं नाही.

मग स्ट्रेच आलं.

म्हणजे डेनिममध्ये रबरासारखा धागा. ओढलं की लांबतं, सोडलं की परत येतं. मला हे कापड हवं असायला घरगुती कारण होतं. माझी बायको सुलभा अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला आहे. कंपनीची सहल निघाली तेव्हा तिने हौसेने पहिली जीन्स घेतली. पन्नाशीची बाई, तीन बाळंतपणं झालेली. बसली की मागून कंबर उघडायची आणि पुढून पोटाला काचायची. अख्खी सहल ती कंबरेला ओढणी बांधून फिरली. घरी आल्यावर म्हणाली, "एवढा मोठा मास्टर घरात, आणि मी फोटोत दुधवालीसारखी दिसते." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक पँट बसली. पन्नाशीच्या बाईची, मांडी घालून बसली तरी उघडणार नाही, काचणार नाही अशी. माझ्या पॅटर्नवर, माझ्या नावाची. ती साध्या डेनिममध्ये होणार नव्हती. तिला स्ट्रेचच लागणार होतं.

त्याआधी शेठला एका व्यापाऱ्याची स्ट्रेचची ऑर्डर आली. मर्दानी, आठशे नग, सीझनच्या तोंडावर. तागे उतरले. व्यापारी समोर, शेठ बाजूला. मी अंगठ्याला थुंकी लावली, चोळलं, डोळे मिटले. अंगठा म्हणाला, आठ टक्के. मी म्हणालो, "आठ."

शेजारच्या टेबलावरचा कटर म्हणाला, "मास्टर, एक पीस वॉश को भेज के देखें क्या?"

मी म्हणालो, "तू कितने साल का है?"

आणि मशीन चालू केली. वर कपडा वाचवायला उरलेले तुकडे जोडून, पुढचा भाग एका ताग्यातला, मागचा दुसऱ्या ताग्यातला, असंही काही नग बसवले. साध्या डेनिममध्ये आम्ही ते सर्रास करायचो.

माल वॉशिंगहून आला तेव्हा मला वाटलं, चुकून लहान मुलांचा लॉट पाठवला. चौतीसची कंबर साडेएकोणतीस. आणि ज्यांचे पुढचे-मागचे भाग वेगवेगळ्या ताग्यांतले होते, त्या पँटी पिळलेल्या, उजवा पाय कल्याणकडे निघालेला, डावा कर्जतकडे. पुढे त्यातली एक मी मुरबाड रोडला एका शेतात बुजगावण्याच्या अंगावर पाहिली. त्यालाही कंबरेत होत नव्हती.

व्यापारी गेला. मला वाटलं, शेठ आता ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जवळ आले, एक पँट उचलली, आणि हळूच विचारलं, "मास्टर, अंगूठे ने क्या बोला था?"

मी टेप टेबलावर ठेवला आणि घरी आलो. बोलावणं आलं तरी गेलो नाही. लाज ही मी एवढी वर्षं खोटी खोटी वापरली होती. खरी आली तेव्हा तिचं काय करायचं ते कळेना. सबंध दोन महिने मी खिडकीत बसून होतो. सुलभाने आधी समजावलं, मग दुर्लक्ष केलं, मग एका दुपारी डब्बे घासता घासता म्हणाली, "बसा असेच. अंगठा तोंडात घातला की पुरं बाळ दिसाल."

"कापडच खराब होतं," मी म्हणालो.

"कसं खराब होतं?"

"म्हणजे... खराब."

"तुम्हाला माहीत नाही काय झालं ते," ती म्हणाली. "पँटी गेल्या ते नाही, हे माहीत नाही ते टोचतंय तुम्हाला. आमच्या लॅबच्या सबनीस मॅडम रिटायर झाल्यात. कुळगावात राहतात. त्यांना विचारा."

कापडाला लागणारे रंग बनवणारी तिची कंपनी. या मॅडमनी तिथल्या प्रयोगशाळेत जन्म काढला होता. रंग टाकल्यावर कापडाचं काय होतं, धुतल्यावर काय होतं, हे तपासायचं. मी म्हणालो, मी बाईमाणसाकडून कटिंग शिकू? सुलभा म्हणाली, "दुसरं कोण बसलंय तुमच्यासाठी?" मी शर्ट बदलला.

सबनीस मॅडम म्हणजे शिडशिडीत, पांढरे केस आखूड कापलेले, आवाज असा की वाक्य संपलं की टाचणी टोचल्यासारखं वाटावं. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "तुम्ही कापड चाटता म्हणे?"

"चाटत नाही मॅडम. थुंकी लावतो."

"कुठल्या तापमानाला?"

मी आजवर कितीतरी शेठ, व्यापारी, इन्स्पेक्टर बोलण्यात गुंडाळले, पण या प्रश्नावर मी अंगठा शर्टाला पुसला. त्यांनी मला चहा दिला आणि एक वही दिली. शंभर पानी, शाळेची. फी विचारली तर म्हणाल्या, "वेळेवर या."

पहिले चार दिवस कापड आटण्याचं नावच नाही. त्यांनी डेनिमच्या तुकड्यावर बॉलपेनने एक चौकोन आखला. म्हणाल्या, "मोजा. लिहा. परत मोजा." मी दहादा मोजला. दहा वेळा वेगळं उत्तर. कधी टेप ओढला जायचा, कधी कापड सुरकुतलेलं असायचं, कधी मी घाईत रेघेच्या अलीकडून वाचायचो, कधी पलीकडून. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "भोईर, कापड आटतं ते नंतर बघू. आधी तुमचा टेप का आटतोय ते बघा."

मी बावन्न वर्षांचा. माझ्या हाताखाली डझनभर कटर तयार झालेले. आणि मी कुळगावातल्या एका गॅलरीत, दुपारी चार वाजता, चौकोन मोजायला शिकत होतो. खाली गल्लीतली पोरं ओरडायची, "आजोबा, पास झाले का?" मी त्यांना सांगितलं, मी शास्त्रज्ञ आहे, चंद्रावर पाठवायच्या पँटींवर काम चाललंय. दुसऱ्या दिवशी दोघं ऑर्डर द्यायला आले.

मग सुलभाचं वॉशिंग मशीन कामाला लागलं. चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा, मोजायचा. लांबीला वेगळं, रुंदीला वेगळं. तिथे पहिला उजेड पडला. साधं डेनिम मुख्यतः लांबीला आटतं, स्ट्रेच रुंदीला, कारण रबरी धागा आडवा असतो. आणि कंबर असते आडवी. माझा अंगठा एकोणतीस वर्षं उभाच चोळत होता!

त्या ऑर्डरीतलंच जे स्ट्रेच मी आणलं होतं, ते रुंदीला वीस टक्के आटत होतं. मी नाचत घरी आलो. आता काय राहिलं? वीस आटतं तर वीस वाढवायचं. स्वप्नातल्या पँटीचा पॅटर्न काढला, छत्तीस कंबरेत वीस टक्के मिळवले, कापली, घरच्या मशीनवर शिवली, धुतली, आणि सुलभाला दिली.

ती आतल्या खोलीतून बराच वेळ बाहेर आली नाही. मी विचारलं, "काय झालं?"

"बटण लागतंय," आतून बारीक आवाज आला. "पण श्वास बाहेर ठेवावा लागतोय."

मोजली. साडेचौतीस. मी हिशेब तीनदा केला, तीनदा बरोबर. मला वाटलं, कापड माझ्यावर डूख धरून आहे. वही घेऊन मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, "मॅडम, तुमचं शास्त्र खोटं बोलतंय."

त्यांनी वही बघितली. हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "भोईर, शंभर हवे आहेत. कापड वीस टक्के खातं. तुम्ही किती कापले?"

"एकशेवीस."

"एकशेवीसाचे वीस टक्के किती?"

मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. "चोवीस."

"एकशेवीसातून चोवीस गेले?"

"शहाण्णव."

मी शहाण्णवच्या खाली दोन रेघा मारल्या. खालून कोणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"कापडाला तुमचे शंभर माहीत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याच्या हातात एकशेवीस दिले. ते आपला वाटा एकशेवीसातूनच घेणार."

मी तिथेच बसून एकशेएकवीस करून पाहिले, एकशेबावीस करून पाहिले, असं करत एकशेपंचवीसला पोचलो. पंचवीस गेले, राहिले शंभर. मग त्यांनी मला तीन टक्क्यांचं गणित घालायला लावलं. एकशेतीनातून तीन टक्के गेले, तर फरक मीटरमागे एक मिलिमीटरसुद्धा नाही! म्हणजे माझी चूक पहिल्या दिवसापासूनच होती. फक्त साधं डेनिम इतकं कमी आटायचं की ती चूक शिवणीत लपून बसायची. एकोणतीस वर्षं माझा अंगठा बरोबर नव्हता. कापड समजूतदार होतं.

मी म्हणालो, "मॅडम, हे आठवीतच शिकवायला हवं होतं हो."

"आठवीतच शिकवतात," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येताना मला ते डझनभर कटर आठवले. त्यांना मी अंगठाच शिकवला होता, आणि वर गुपित म्हणून शिकवला होता, उस्तादने मला शिकवला तसा. फरक एवढाच की मी चापट्या मारल्या नाहीत. या धंद्यात मला एक गोष्ट पुसून नव्याने करायला मिळाली तर ती हीच. पुढे त्यातले जे सापडले त्यांना एकेक करून ही वही दाखवली. दोघं माझ्याशी अजून बोलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे.

मॅडमनी शेवटी मला गोधडी शिकवली. खरंच. लॉटमधल्या प्रत्येक ताग्याचा एकेक तुकडा कापायचा, त्यावर ताग्याचा नंबर लिहायचा, सगळे तुकडे एकाला एक जोडून मोठी चादर शिवायची आणि ती एकदम वॉशिंगला टाकायची. सगळ्यांना पाणी एक, वेळ एक. मग कुठला तागा किती आटला ते समोर येतं. सारखे आटणारे तागे एकत्र कापायचे, वेगळे आटणारे वेगळे. पिळलेले पाय का पिळले होते, ते मला पाच मिनिटांत कळलं. मोठ्या कारखान्यांत हे रोजचं आहे म्हणे. आमच्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मी गोपीशेठच्या दुकानाची पायरी चढलो. ते गादीवर बसून पापड खात होते. मी सुलभाच्या अंगात आता नीट बसलेली पँट त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "शेठ, तीनशे नग. लेडीज. मेरा पॅटर्न. बिगडा तो कॅम्प पाच में फिर कैंची नहीं पकडूंगा."

शेठनी पँट ओढली, सोडली, परत ओढली. "अड़े साईं, ये तो वही कपडा है जिसने तेरे को मारा."

"वही है."

"और इस बार कौन बोलेगा? अंगूठा?"

मी वही पुढे केली. त्यांनी चार पानं उलटली, त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण वहीवरचे चहाचे डाग बघून त्यांची खात्री पटली असावी. म्हणाले, "चल. तीनशे."

मी गोधडी शिवायला बसलो तेव्हा अख्खी गल्ली लोटली. "मास्टर, भाभी मायके गयी क्या?" "मास्टर, ठंडी लगती है?" मी म्हणालो, "हां, और तुम्हारे लिए भी एक सिल रहा हूं, कफन साइज." प्रत्येक तुकड्यावरचा नंबर मात्र मी तीनतीनदा तपासत होतो, हे आज कबूल करतो. माणूस एकदा पडतो तेव्हा लोक विसरतात. दुसऱ्यांदा त्याच कापडावर पडला असतो तर माझं नाव गल्लीत चेष्टेला उरलं असतं, आणि ती पँट माझ्याबरोबर संपली असती.

माल वॉशिंगला गेला, अंबरनाथच्या पलीकडे. तीन दिवसांनी टेम्पो आला. मी गाठोडी सोडली आणि एकेक नग मोजायला लागलो. बरोबर. बरोबर. बरोबर. शेठ खुर्ची ओढून समोर बसले. दोनशे झाले. अडीचशे झाले. मग एक आला, अर्धा इंच कमी. पुढचा, अर्धा इंच कमी. असे एकूण अडतीस निघाले.

शेठ म्हणाले, "फिर वही?"

मी अडतीसचे अडतीस टेबलावर पसरले. डोकं आपोआप कामाला लागलं होतं. ताग्यांचे नंबर बघितले, वेगवेगळे. साइज वेगवेगळ्या. थर वेगवेगळे. म्हणजे कापड नव्हे, कापणं नव्हे, शिलाई नव्हे. सगळ्यांत सारखी एकच गोष्ट, वॉशिंगवाल्याची चिठ्ठी. अडतीसही एकाच फेरीतले, शेवटच्या. मी तिथेच वॉशिंगला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "आखरी लोड में क्या किया था?"

"कुछ नहीं मास्टर," तिकडून उत्तर. "टेम्पो खडा था, तो ड्रायर थोडा तेज कर दिया."

मी उडी मारली. टेबलाची एक बाजू उचलली गेली, पंखा हलला, समोरच्या दुकानातला ग्राहक बाहेर आला. शेठ ओरडले, "पागल है? अडतीस नग गया और नाचता है?"

"शेठ, मेरे को मालूम है!" मी म्हणालो. "क्यों गया, मालूम है!"

शेठनी चष्मा काढला, पुसला. "उस दिन आठ सौ गया था और तू टेप रख के भाग गया. आज अडतीस गया और तू मेरे को समझा रहा है." ते उठले. "सोमवार को नया कपडा उतरेगा. लेडीज ही. टाइम पे आना."

मी रिक्षा पकडली आणि बदलापूरच्या रस्त्याला लागलो. मॅडमना फोन केल्याशिवाय राहवेना. दोनशे बासष्ट बरोबर आले, अडतीस का गेले ते सापडलं, शेठनी पुढचा लॉट दिला, सगळं एका दमात सांगितलं. आणि म्हणालो, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू तेच कळत नाही."

"ड्रायर किती डिग्रीवर नेला होता?" त्यांनी विचारलं.

"ते... तेज केला होता म्हणाला."

"किती मिनिटं?"

"ते नाही विचारलं."

"मग अर्धंच सापडलंय, भोईर," त्या म्हणाल्या. "विचारून या. मी चहा ठेवते."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला म्हणालो, "वळव रे, आधी वॉशिंगला."